गिरणीच्या जुन्या पट्ट्याचें म्यान

नांगर, पंप, बियाणें, खतें यांविषयीं ह्या मासिकांत वेळोवेळीं पुष्कळ लिहून येतें, व तें योग्यच आहे. परंतु जी वस्तु शेतकऱ्याच्या हातांत दिवसांतून पन्नास वेळां येते, त्या सुरीविषयीं व ती ठेवावयाच्या म्यानाविषयीं कोणीं चार ओळी लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों; लेखणीखेरीज दुसरें हत्यार उभ्या जन्मांत फारसें हातीं धरिलें नाहीं. तथापि गोराईस आमची वडिलार्जित थोडी जमीन आहे, आणि ह्या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास जें कारण घडलें तें असें.

बोरिवलीहून गोराईस जावयाचें म्हणजे खाडी ओलांडावी लागते. दोन वर्षांमागें आमचा पुतण्या वांगीं विकून होडीनें परत येत होता. सुरी वर्तमानपत्रांत गुंडाळून पिशवींत टाकिली होती. भाडें देण्यासाठीं नाणें काढावें म्हणून त्यानें पिशवींत हात घातला. कागद भिजून केव्हांच फाटला होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटाची कंडरा तुटली. टांके पडले, जखमही भरली. पण बोट अद्याप पुरतें मिटत नाहीं. भाताची पेंढी आवळतांना तें एकटें ताठ उभें राहतें.

त्यानंतर आम्हीं पहिलें म्यान एका जुन्या चामडी दप्तराचें केलें. तें इतकें सुबक दिसलें कीं, आम्हीं तें शेजाऱ्यांस मुद्दाम नेऊन दाखविलें! मृगाचा पाऊस सुरू झाला, आणि श्रावण येईपर्यंत पातें काळें पडून त्यावर गंजाचे खळगे दिसूं लागले. कारण शोधावयास दूर जावें लागलें नाहीं. आपल्याकडे चामडें कमावण्यास बाभळीची साल वा हिरडा वापरीत आले आहेत, आणि हिरडा व हिराकस यांचीच शाई करून जुने कारकून दप्तरें लिहीत. तो तुरट अंश व लोखंड ओलाव्यांत एकत्र आले कीं काळें होणारच. आम्हीं सुरीची शाई करीत होतों. हल्लींचें क्रोमचें चामडें निराळ्या रीतीनें कमावितात, तरी पाणी तेंही धरून ठेवितें. सांताक्रूझ येथें वर्षाकाठीं सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. शिवाय खाडीची खारी हवा आहेच.

दुसरा दोष याहून घातक होता. दोन पदर एकावर एक ठेवून आम्हीं कडेनें शिवण घातली होती. सुरी घालतां-काढतां धार त्या शिवणीवरच घासत असे. एके दिवशीं सहा टांके एकदम तुटले व पातें बाहेर आलें. सुदैवानें म्यान त्या वेळीं कमरेस नसून खुंटीस होतें.

तेव्हां आम्हांस तळकोंकणांतल्या आकडीची आठवण झाली. तेथें कोयता कमरेमागें लांकडी आकडींत अडकवितात. आकडींत पाणी सांचत नाहीं, परंतु धार उघडी राहते. आम्हांस दोन्ही हवें होतें: धार झांकलेली आणि पाणी मोकळें.

हें साधलें तें पिठाच्या गिरणीच्या टाकाऊ पट्ट्यानें. हा पट्टा रबर व जाड कापड यांचा, तीन-चार पदरी असतो. झिजला म्हणजे गिरणीवाला तो भंगारांत देतो. त्याचे पदर पकडीनें सोलून सुटे करितां येतात. प्रथम सुरी कागदावर ठेवून आंखून घ्यावी. धारेच्या बाजूस पाऊण इंच, पाठीच्या बाजूस अर्धा इंच व टोकापुढें अर्धा इंच जागा सोडून त्या मापाचे दोन दुपदरी तुकडे कापावे. आतां मुख्य गोष्ट. ह्या दोन तुकड्यांमध्यें धारेच्या बाजूनें, धारेच्याच वळणाची, अर्धा इंच रुंद अशी तिसरी पट्टी घालावी. तिची जाडी पात्याच्या पाठीहून किंचित् अधिक असावी. पदर कमीजास्त सोलून ती जमते. धार ह्या पट्टीस टेंकते, दोऱ्यास नव्हे. हीच पट्टी आम्हीं पहिल्या खेपेस घातली नव्हती. पाठीच्या बाजूसही तितक्याच जाडीची अरुंद पट्टी घालावी, म्हणजे दोन्ही अंगें समांतर बसतात.

भोंकें मोचीच्या आरीनें पाव-पाव इंचावर पाडून मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्यानें दोन्ही सुयांची शिवण घालावी. शिवण त्या मधल्या पट्टीच्या बाहेरील अर्ध्या भागांतूनच जावी. तोंडाशीं ताण अधिक पडतो, तेथें तांब्याचे दोन रिव्हेट ठोकावे. तळाशीं शेंगदाण्याएवढें भोंक राहूं द्यावें. पाणी व माती तेथून निघून जाते. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद चकती कापून तोंडाशीं अडकविली म्हणजे ती मुठीवर चढवितां येते, व वांकलें तरी सुरी निसटत नाहीं.

म्यान कमरेस घट्ट बांधूं नये. लावणीस वा खुरपणीस उकिडवें बसलें कीं ताठ म्यान मांडीत रुततें. म्हणून तें दोरीच्या फांसांतून सैल लोंबतें ठेवावें, आणि तें पोटापुढें नव्हे, कुल्ल्याच्या मागें. सुरी उपसतांना म्यानाच्या धारेकडील कडेवर बोटें कधींही वळवूं नयेत. कडा फाटली तर पहिला घाव त्या बोटांवर बसतो. नेपाळी खुकरीचें म्यान लांकडी व वर चामड्यानें मढविलेलें असतें, फिलिपाइन्स बेटांत बोलो नांवाच्या सुऱ्यास दोन फळ्या बांधून म्यान करितात. तेथेंही हाच धोका आहे. रात्रीं सुरी म्यानांत ठेवूं नये. पुसून, खोबरेलाचा हात फिरवून ती निराळी टांगावी.

कांहीं लोक प्लॅस्टिकच्या नळाचें म्यान करितात. पी. व्ही. सी. नळ उकळत्या पाण्यांत मऊ होतो, तेवढें पुरे. तो जाळावर धरूं नये. जळला तर त्याचा धूर आम्लयुक्त व छातीस अपायकारक असतो. शिवाय उन्हानें तो कालांतरानें ठिसूळ होतो. आमचें मत पट्ट्याकडेच आहे.

कोयत्याचें पातें वांकडें असल्यामुळें तो खिशासारख्या म्यानांत जात नाहीं. त्यासाठीं बागेस पाणी देण्याची जुनी रबरी नळी उभी चिरून धारेवर बसवावी व सुतळीनें आवळावी. वाहतुकीपुरतें एवढें पुरतें.

कारकुनी संवयीनें एक गोष्ट सांगून ठेवितों. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येंत केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तु मोडत नाहींत. पण १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखालीं मनाईहुकूम निघूं शकतो, व त्यांत सुऱ्याही येतात. अशा वेळीं सुरी शेतावरच ठेवावी.

पुतण्याचें म्यान आम्हीं डाव्या बाजूस बांधण्याजोगें केलें आहे. सुरी आतां तो डाव्या हातानेंच चालवितो.