फ्लेक्स लवकर, अर्जुन उशिरा

आमच्या शनिवार पेठेत सत्काराला वेळ लागत नाही. सकाळी निकाल, दुपारी फ्लेक्स, संध्याकाळी पगडी, शाल, श्रीफळ. फ्लेक्सवर खेळाडूपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे, हे ओघानं आलंच. सरकारी सन्मानाचं गणित मात्र वेगळं. पडून पुन्हा उभा राहिलेला खेळाडू त्यात नेमका कुठे अडकतो, ते पाहू.

अर्जुन पुरस्कार १९६१पासून दिला जातो. त्यासाठी मागच्या चार वर्षांतली सातत्यपूर्ण कामगिरी बघतात. आता समजा, एखाद्या धावपटूचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया, फिजिओ, मग हळूहळू सराव. यात दोन वर्षं सहज जातात, आणि ती या चारांतूनच वजा होतात. परतल्यावर त्यानं पदक मिळवलं, तरी कागदावर दिसतं ते एकच पदक. तो किती खालून वर आला, याला तिथे रकाना नाही. जागतिक लॉरियस क्रीडा पुरस्कारांत मात्र पुनरागमनासाठी वेगळा विभागच आहे.

मुरलीकांत पेटकरांचं बघा. सांगली जिल्ह्यातला हा गडी सैन्यात बॉक्सिंग करायचा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग लुळं पडलं. उपचार म्हणून पाण्यात उतरवलं, तिथेच पोहणं जमलं. १९७२ साली हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ला. अर्जुन थेट जानेवारी २०२५मध्ये, तोही जीवनगौरव म्हणून, कारण त्याला चार वर्षांची अट नाही. पदकापासून हिशेब केला तर बावन्न वर्षं!

पेटकर निदान स्वतः हजर होते. कुस्तीगीर खाशाबा जाधव १९४८ला लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले, नेटानं परत गेले आणि १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. १९८४ साली ते गेले. अर्जुन मिळाला तो मरणोत्तर. पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत, त्यामुळे ते दार जवळपास बंदच.

पद्मसाठी शिफारस मात्र कुणीही नागरिक करू शकतो. अर्ज ऑनलाइन असतो आणि कार्याची माहिती जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायची असते. तुमच्या गल्लीत असा पडून पुन्हा उभा राहिलेला कुणी असेल, तर पुढचा फ्लेक्स छापायला टाकण्याआधी तेवढे शब्द लिहायला घ्या.