उधना स्टेशनावर उतरा आणि पायी चला

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातल्या कुठल्याही गावात घरोघर विचारत निघालं, तर ‘सुरतले गया’ हे उत्तर न देणारं घर लवकर सापडत नाही. कुणाचा थोरला लूमवर आहे, कुणाची लेक सुरतेच्या लिंबायतला दिली आहे, कुणाचे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात गेले ते तिकडचेच झाले. कचेरीच्या कामाला धुळ्याला जायचं, पण पोटासाठी जायचं ते सुरतेला. कायम पावसाच्या टंचाईतला तालुका, आभाळाच्या भरवशावरचा कापूस आणि दारावरून जाणारी भुसावळ-सुरत रेल्वे, एवढं हे स्थलांतर घडायला पुरेसं होतं. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा ही आपली स्टेशनं ज्या ताप्ती व्हॅली मार्गावर आहेत, तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. मुडावदला पांझरेला पोटात घेऊन तापीही पुढे सुरतेलाच जाते.

हे आज मांडायचं कारण असं, की गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे शहर पायी फिरून दाखवण्याचं एक काम उभं राहिलं आहे. वारसा-फेरी म्हणा, हेरिटेज वॉक म्हणा. मुंबईत १९९९ साली आभा बहल आणि ब्रिंदा गाया या दोन वास्तुविशारदांनी बॉम्बे हेरिटेज वॉक्स सुरू केलं. पुढे भरत गोठोसकरांच्या खाकी टूर्ससारख्या उपक्रमांनी हा नाद सर्वसामान्य मुंबईकराला लावला. सुरुवातीला लोक फोर्टातल्या कमानी आणि घुमट पाहत. मग पावलं वस्त्यांकडे वळली आणि खरा प्रश्न तिथेच सुरू झाला. इमारत दाखवणं सोपं आहे. तिचं साल, शैली आणि बांधणाऱ्याचं नाव सांगितलं की काम भागतं. गावाहून येऊन जिथे माणसं राहिली ती वस्ती दाखवायची, तर तिथे कोण कुठून आलं, का आलं, कुणाच्या आधाराने टिकलं आणि कुठे गेलं, हे सांगावं लागतं.

मशीद बंदरचं उदाहरण घ्या. सॅम्युएल स्ट्रीट ही मालाच्या हातगाड्यांनी तुंबलेली गल्ली. तिथे ‘शआर हारहमीम’, म्हणजे दयेचं द्वार, या नावाचं बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग, १७९६ सालचं. ते सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी उभारलं. मराठीत त्यांचं नाव सामाजी हसाजी. कंपनीच्या फौजेतला हा माणूस टिपूच्या कैदेत पडला होता. सुटका झाली तर देऊळ बांधीन, असा नवस त्यांनी बोलला होता, अशी कथा समाजात सांगतात. लोक या देवळाला जुनी मशीद म्हणत आणि स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असंही सांगितलं जातं. या समाजाची मुळं पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या खेड्यांत. तिथे ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली. तिथून मुंबईत आले, फौजेत, कचेऱ्यांत, गोदीत लागले आणि इस्रायल झाल्यावर बहुतेक तिकडे गेले. मराठी बोलणारा एक समाज कोकणातून मुंबईत आणि मुंबईतून इस्रायलला गेला, आणि ही सगळी वाट एका गल्लीत उभं राहून सांगता येते. मात्र सांगणारा हवा. सांगणारा नसेल, तर ते देऊळ मालवाहू गल्लीतली नुसती एक भिंत राहतं.

गिरणगावात तर इमारतीही फारशा उरल्या नाहीत. १८५४ साली कावसजी दावरांनी काढलेल्या गिरणीपासून सुरू झालेला हा संसार १८ जानेवारी १९८२पासूनच्या डॉ. दत्ता सामंतांच्या संपात थांबला, आणि गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेचे मनोरे आले. बीडीडीच्या एकूण २०७पैकी बहुतेक चाळींचाही पुनर्विकास चालू आहे. तरी तिथल्या फेरीत सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि माझ्या मते त्यातलं सगळ्यांत मोलाचं म्हणजे खानावळ. रत्नागिरीचे, साताऱ्याचे गडी एकटे यायचे. एका गावच्या मंडळाने एक खोली घ्यायची, पाळीप्रमाणे झोपायचं. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा आडवा. जेवण मात्र खानावळवाल्या बाईकडे. दहा-वीस गड्यांचं दोन वेळचं रांधणारी ही बाई सावकाराच्या व्याजात अडकलेली असायची. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरण्यांचा धूर ज्यांच्या चुलींवर चालला, त्यांची संघटना! गिरणगावातल्या कुठल्याही फेरीने या खानावळीपाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून गिरणगावचा इतिहास लिहून काढला आणि २००४ साली तो पुस्तकरूपाने आला. त्यामुळे निदान आवाज तरी जपले गेले.

आवाज कुणाचा, हा मुद्दा धारावीत सर्वांत टोकदार होतो. रिअ‍ॅलिटी टूर्स ही संस्था २००६च्या सुमारास तिथे फेऱ्या नेऊ लागली, तेव्हा गरिबी दाखवायचे पैसे घेता का, अशी टीका झाली. ती टीका रास्त होती आणि संस्थेने तिचा विचार केला, असं दिसतं. फोटो काढायला मनाई, लहान गट, नफ्याचा मोठा वाटा वस्तीतल्या कामांना आणि स्थानिक तरुण गाईड म्हणून. धारावीतला कुंभारवाडा सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा, चामड्याचं काम तमिळ मुलखातून आलेल्यांनी आणलेलं. फेरीत भट्टी पाहता, माती पाहता, माल कुठे जातो ते ऐकता. दारिद्र्य डोळ्यांत भरतंच, पण लक्षात राहतो तो उद्योग. तरीही कुणाच्या उघड्या दारावरून जाताना आपण पाहुणे आहोत की प्रेक्षक, हे चालणाऱ्याने स्वतःला विचारलं पाहिजे.

परदेशात ही गोष्ट फार आधी समजली. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला ऑर्चर्ड स्ट्रीटवर १८६३ साली बांधलेली ९७ नंबरची भाड्याची चाळ आहे. १९३५पर्यंत तिथे वीसेक देशांतून आलेले सुमारे सात हजार लोक राहून गेले. १९८८ साली तिचंच संग्रहालय केलं. राजवाड्याचं नव्हे, भाडेकरूंच्या खोल्यांचं संग्रहालय! एकेका खोलीत एकेका खऱ्या कुटुंबाचा संसार मांडला आहे, आणि तिथूनच आसपासच्या गल्ल्यांच्या फेऱ्या निघतात. लंडनच्या ब्रिक लेनवर एक इमारत आहे. १७४३ साली फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंटांनी ती चर्च म्हणून बांधली, पुढे ती मेथडिस्टांकडे गेली, १८९८ला ज्यूंचं सिनेगॉग झाली आणि १९७६ला बांगलादेशी वस्तीची मशीद. त्याहून मला भावतो तो इटलीतल्या तुरिन शहरातून सुरू झालेला उपक्रम. तिथे परदेशातून आलेली माणसंच आपली वस्ती फिरून दाखवतात. बर्लिनमध्ये आसरा मागून आलेले निर्वासित वाटाडे होतात. पाहण्याची वस्तू होऊन राहिलेला माणूस सांगणारा झाला, की गल्लीचा अर्थच बदलतो.

आता सुरत.

सुरतेत पाहण्यासारखं म्हणून जे सांगतात ते सगळं बाहेरून आलेल्यांचंच आहे. महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय ज्या मुघलसराईत आहे, ती १६४४ साली हज यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा. इंग्रजांच्या दफनभूमीत जॉर्ज ऑक्झेंडेनची समाधी आहे. १६६४ला शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख तोच होता. डच दफनभूमीत मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा व्हान ऱ्हीड विसावला आहे. आर्मेनियन व्यापाऱ्यांची थडगीही आहेत. हे शहर मुळातच परमुलखातून आलेल्यांवर वाढलं. मग या ठिकाणांच्या मालिकेत आपल्या माणसांच्या लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या वस्त्या का नसाव्यात?

तिथली फेरी कशी असेल, ते मला दिसतं. उधना स्टेशनाबाहेर भुसावळकडून आलेली गाडी रिकामी होताना उभं राहायचं. पिशवीत काय आहे ते विचारायचं. गावची डाळ, कुरडया, दोंडाईच्याची मिरची. तिथून सांच्याच्या खात्याकडे, म्हणजे लूमच्या कारखान्याकडे. आत शिरलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कामगार हाताच्या खुणांनी बोलतात, आणि बारा तासांच्या पाळ्यांवर आयुष्य काढलेल्यांच्या कानांवर त्याची खूण राहते. हे सांगायला लूमवर पंचवीस-तीस वर्षं काढलेलाच माणूस हवा. मग गल्लीत वळायचं. दारात बसून एखादी बाई साडीला लेस लावते आहे. काठ मांडीवर घेतला आहे, टाका न पाहता पडतो आहे, डोळे चुलीवरच्या दुधाकडे. नगावर मोल ठरतं. रिंगरोडच्या मार्केटमध्ये जी साडी झगमगते, तिचं शेवटचं काम या उंबऱ्यावर झालेलं असतं. तिने स्वतः दाखवायचं ठरवलं तरच थांबायचं. नाहीतर पुढे चालायचं.

पुढे महानगरपालिकेची मराठी शाळा. सुरत महानगरपालिका गुजराती, हिंदी, इंग्रजी, उर्दू, मराठी, ओडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते. कापडाने किती मुलखांतून माणसं ओढून आणली, हे कळायला ही एक यादी पुरे. फेरीत सप्टेंबर १९९४ही यायला हवा. प्लेगच्या भीतीने लाखो लोकांनी शहर सोडलं, त्यांत खानदेशचीही माणसं होती. गावी आलेल्यांना वेशीवर कसं वागवलं गेलं, हे आपल्या बाजूनेही सांगावं लागेल. काही ठिकाणी घास पुढे आला, काही ठिकाणी दार लोटलं गेलं. पुढे महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात शहर झाडूनपुसून निघालं. ऑगस्ट २००६च्या तापीच्या पुराने घरं पुन्हा चिखलात गेली. दोन्ही वेळा माणसं परत आली आणि खाती पुन्हा सुरू झाली.

फेरीचा दिवस निवडायचा तर नागपंचमीनंतरचा रविवार. त्या दिवशी खानदेशची देवी कानबाई बसते, गावात तशीच सुरतेतही. नारळाला डोळे-नाक लावून, नथ-दागिने घालून देवी चौरंगावर मांडायची, घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे आणि त्याच पिठाचे रोट करायचे. पाहुण्याला पूजा पाहता येते, पण रोट भाऊबंदांनीच खायचे. गावात या रोटांसाठी तीन-चार घरं एकत्र येतात; सुरतेत एका खोलीत मावतील तेवढे भाऊबंद बसतात आणि उरलेले पायरीवर. सोमवारी मिरवणूक, फुगड्या, अहिराणी गाणी आणि विसर्जन. कुणी विचारलं ‘कोन गावना?’ तर उत्तर येतं ते दोन पिढ्यांपूर्वी सोडलेल्या गावाचं.

या कामाला मोठा निधी लागत नाही. लूमवरून उतरलेले चार-सहा जण, शाळेतला एखादा मास्तर, वस्तीतल्या दोन-तीन जाणत्या बाया आणि त्यांच्या तोंडची हकीकत लिहून घेणारी कॉलेजातली मुलं, एवढं पुरे. फेरीचे पैसे सांगणाऱ्याच्या हातात पडले पाहिजेत, याबाबत मात्र तडजोड नको.

आणि एक फेरी शिंदखेड्याकडेही हवी, उलट्या दिशेने. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरतेत जन्मलेली नातवंडं येतात, मोबाइल बघत ओट्यावर बसतात आणि कंटाळून परत जातात. त्यांना गावातून पायी न्यावं. हे कुलूप लावलेलं घर कुणाचं, तो माणूस कुठल्या साली गेला, कुणाच्या ओळखीने कामाला लागला, बुराई नदीला शेवटचं भरून पाणी केव्हा होतं, कोणत्या विहिरीचं पाणी आटलं तेव्हा कोणती गल्ली रिकामी झाली, हे सगळं गावातल्या सत्तरीच्या माणसांना तोंडपाठ आहे. येत्या मे महिन्यात पहिली फेरी काढता येईल.