कर्तव्यपथ: चढणीआड दडणारा प्रासाद

नवी दिल्लीतील इंडिया गेटपासून कर्तव्यपथाने पश्चिमेकडे निघाले की समोर रायसीना टेकडीवरील राष्ट्रपती भवन दिसते. मात्र जसजसे पुढे जावे तसतशी ही वास्तू खाली जाऊ लागते आणि विजय चौकात तर केवळ घुमटच दृष्टीस पडतो. ज्या प्रासादासाठी हा राजमार्ग आखला गेला, तोच जवळ गेल्यावर दिसेनासा व्हावा, यामागे दोन वास्तुविशारदांमधील वाद आहे.

१२ डिसेंबर १९११ रोजी सम्राट पाचवे जॉर्ज यांनी राजधानी कोलकात्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा केली. नव्या नगरीतील व्हाइसरॉयच्या निवासस्थानाचे काम एडविन लटियन्स यांच्याकडे, तर सचिवालयाच्या दोन इमारतींचे काम हर्बर्ट बेकर यांच्याकडे सोपविण्यात आले. सचिवालयेही टेकडीच्या माथ्यावरच असावीत, असा बेकर यांचा आग्रह होता. लटियन्स यांनी त्यास संमती दिली. परिणामी प्रासाद मागे सरकला आणि सचिवालयांमधून जाणाऱ्या चढणीआड त्याचा दर्शनी भाग झाकला गेला. ही गोष्ट ध्यानी येताच लटियन्स यांनी चढण बदलण्यासाठी पाठपुरावा केला; परंतु वाढीव खर्चाच्या कारणास्तव सरकारने ती बदलली नाही. वॉटर्लूच्या लढाईवर कोटी करीत या पराभवाला त्यांनी 'बेकरलू' म्हटले.

भारतीय वास्तुकलेविषयी लटियन्स यांचे मत फारसे अनुकूल नव्हते. तरीही त्यांच्या घुमटाला सांचीच्या स्तूपाचा आकार लाभला, आणि उन्हापावसापासून रक्षण करणारे छज्जे व जाळ्या त्यांना स्वीकाराव्या लागल्या. दिल्लीच्या उन्हाळ्यापुढे युरोपीय खांबांचे काय चालणार?

मार्गाच्या पूर्वेकडील ४२ मीटर उंच इंडिया गेट हे युद्धस्मारक १९३१ मध्ये पूर्ण झाले. त्यामागील छत्रीतील पाचव्या जॉर्ज यांचा पुतळा १९६८ मध्ये हलविण्यात आला; २०२२ पासून तेथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा पुतळा आहे. किंग्जवेचा स्वातंत्र्यानंतर राजपथ झाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये कर्तव्यपथ. दुतर्फा असलेली जांभळाची झाडे, हिरवळ आणि जलाशय ही मूळ आखणी नूतनीकरणानंतरही कायम आहे.

लटियन्स यांना सलणारी चढणही तशीच आहे. दरवर्षी २९ जानेवारीला 'बीटिंग रिट्रीट' सोहळ्यात सैन्यदलांची बँडपथके तिच्यावरूनच विजय चौकात उतरतात.