जागतिकीकरण व स्थानिकता
भांडवल, माल व कल्पना यांचे जगव्यापी अभिसरण आणि विशिष्ट स्थळाचे जीवन यांतील संबंध. इमॅन्युएल वॉलरस्टीन (१९७४) यांच्या मते केंद्रस्थ प्रदेश परिघावरील प्रदेशांचे अधिशेष मूल्य ओढून घेतात. रोलंड रॉबर्टसन यांच्या मते जागतिक व स्थानिक परस्परांना घडवितात. रायगड जिल्ह्यात या मतांचा पडताळा घेता येतो. टाटांची जलविद्युत् केंद्रे खोपोली (ता. खालापूर) येथे १९१५ मध्ये व भिवपुरी (ता. कर्जत) येथे १९२२ मध्ये सुरू झाली. घाटमाथ्यावरील पाणी कोकणात उतरवून निर्माण केलेली वीज जागतिक बाजारपेठेशी जोडलेल्या मुंबईस व तेथील कापडगिरण्यांस गेली. हे पहिल्या मतास पोषक आहे. उलट, भिवपुरीतून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाला कालव्याद्वारे कर्जत तालुक्यात उन्हाळी भाताचे पीक घेता येऊ लागले; हे दुसऱ्या मतास अनुकूल होय. तथापि या पाण्याची वेळ मूलतः वीजनिर्मितीच्या गरजेने ठरते. परस्परसंबंध म्हणजे समान सत्ता नव्हे, हे यावरून दिसते.