शाळेत मैदान गाजवणारी पोरं कॉलेजात गेली की मागं का पडतात?

अमरावती-नागपूर महामार्गावरचं गुरुकुंज मोझरी म्हणजे तुकडोजी महाराजांचं गाव. 1935 मध्ये इथे आश्रम उभारताना महाराजांनी प्रार्थनेसोबत व्यायामही लावून धरला. तीसेक किलोमीटरवर अमरावतीत 1914 पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. याच मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. म्हणजे या पट्ट्यात खेळाची परंपरा कमी नाही. तरी दहावीला जिल्हा गाजवणारं पोरगं पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत थंडावतं. असं का?

आधी वयाचा हिशोब बघा. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. लवकर वाढ झालेला मुलगा लहान गटात उंची आणि ताकदीवर जिंकतो, पण पुढे बाकीचे त्याला गाठतात. त्यात विद्यापीठाच्या स्पर्धेत असे गट नसतात. अठराचं पोर थेट चोवीस-पंचविशीतल्या खेळाडूसमोर उभं राहतं. बरेचदा तो मागं गेलेलाच नसतो, समोरचे तगडे असतात.

मग येते दिनचर्या. शाळेत पीटीचे सर शिट्टी वाजवून मैदानावर बोलवायचे. कॉलेजात कुणी बोलवत नाही. मोझरीहून रोज एसटीने अमरावती करायचं, दुपारी प्रॅक्टिकल, परतेपर्यंत अंधार. रूम करून राहिलं तर मेसचं जेवण. नियमित सराव करणाऱ्या 60 किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण 84 ते 120 ग्रॅम प्रथिनं लागतात. पोळी, भाजी आणि पातळ वरणात ती कुठून येणार? शिवाय रात्री मोबाईल, पहाटे सराव, म्हणजे झोपेचीही बोंब. सराव पूर्ण थांबला तर दोन-चार आठवड्यांतच दम कमी होऊ लागतो. सेमिस्टरची एक परीक्षा तेवढा वेळ सहज खाते.

पण खरी मेख पुढेच आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, म्हणून घरचेही खेळू देतात. बारावीनंतर ती ओढ संपते. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक दर्जाची कामगिरी लागते. पोलीस भरतीची मैदानी चाचणी मात्र कुणीही देऊ शकतं: मुलांसाठी 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, एकूण 50 गुण. मग कबड्डीतला चांगला चढाईपटू संघाचा सराव सोडून पहाटे रस्त्यावर धावायला लागतो आणि संध्याकाळी 7.26 किलोचा गोळा फेकत बसतो.