रुग्णवाहिकेमागचा डॉक्टर

माझ्या मित्राचा मुलगा अमेरिकेत डॉक्टर आहे. दिवाळीत गावी आला, तेव्हा वडिलांसह दवाखान्यात भेटून गेला. "काका, आता रुग्णवाहिका सेवेची एक वर्षाची फेलोशिप करतोय," म्हणाला. मित्र हसून म्हणाला, "एवढा शिकून शेवटी ॲम्ब्युलन्समध्येच बसणार!" अनेक वाचकांनाही असेच वाटेल, म्हणून आज त्याविषयी.

तिकडे वैद्यकीय पदवीनंतर तातडीच्या उपचारांचे शिक्षण तीन किंवा चार वर्षांचे असते. बहुतेक जण ही फेलोशिप त्यानंतर करतात. या उपशाखेला तेथे २०१० मध्ये मान्यता मिळाली आणि पहिली परीक्षा २०१३ मध्ये झाली. म्हणजे शास्त्र तसे कालपरवाचेच. १९६६ साली अपघाती मृत्यूंवर एक अहवाल निघाला, तेव्हा अमेरिकेतल्या सुमारे निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवीत असत! माणसाला आडवे झोपवून नेण्याजोगी गाडी त्यांच्याचकडे असे.

आज तेथील गाडीत सहसा डॉक्टर नसतो. प्रशिक्षित पॅरामेडिक असतात. छातीत दुखत असेल तर काय द्यायचे, कोणता रुग्ण जवळच्या रुग्णालयात न थांबवता पुढे मोठ्या रुग्णालयात न्यायचा, हे नियम डॉक्टर आधीच लिहून ठेवतो आणि अडचण आली तर फोनवर सांगतो. फेलो वर्षभर हेच शिकतो. गाडीबरोबर फिरतो, नियंत्रण कक्षात बसतो, मोठ्या अपघातांच्या सरावात भाग घेतो. झालेल्या फेऱ्यांच्या नोंदी तपासतो. फोन आल्यापासून नातेवाइकांना "छाती दाबायला लागा" असे सांगेपर्यंत किती वेळ गेला, हेही पाहतो. हृदय बंद पडलेल्या माणसाला घाईने गाडीत घालण्यापेक्षा जागेवरच छाती दाबत राहणे बहुधा हिताचे, कारण धावत्या गाडीत ते नीट जमत नाही. अशा गोष्टी आम्हाला कॉलेजात कोणी शिकवल्या नव्हत्या.

एक प्रसंग सांगतो. १९९८ साली एक शेतकरी छातीत कळ आली म्हणून आला. मी जिभेखाली गोळी दिली, ॲस्पिरिन चघळायला लावले, जिल्ह्याच्या गावी न्या म्हणून चिठ्ठी दिली. जीप रस्त्याच्या पलीकडे उभी होती. दोघांनी खांद्याला धरून त्याला तेथपर्यंत चालवत नेले आणि मी पायरीवर उभा राहून पाहत होतो. साठ किलोमीटरच्या वाटेत तो गेला. न चालवता तो वाचला असता का, सांगता येत नाही. पण चालवू द्यायला नको होते, आणि ते मला कळायला हवे होते.

आपल्याकडे तातडीच्या उपचारांच्या पदव्युत्तर शिक्षणाला २००९ मध्ये मान्यता मिळाली. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ पासून आहे. तिच्या गाडीत डॉक्टर असतो, त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर बरेच. ही मुले रात्री-अपरात्री धावतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझी तक्रार वेगळी आहे. गाडीत डॉक्टर बसवला की काम झाले असे आपण समजतो. पण त्याच्या पाठीशी नियम लिहिणारा, चुका तपासून शिकवणारा कोणीतरी लागतोच. मित्राचा मुलगा तेच शिकतो आहे.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करावे. १०८ ला फोन लागला की आधी गाव, तालुका आणि ओळखीची खूण सांगा. शाळा, देऊळ, एसटीचा फाटा, काहीही चालेल. रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, हे सांगा. विचारतील त्याची उत्तरे द्या, फोन मध्येच ठेवू नका. एक माणूस फाट्यावर उभा करा, रात्री असेल तर बॅटरी देऊन. छातीत दुखणाऱ्याला गाडीपर्यंत चालत नेऊ नका. स्ट्रेचर नसेल तर खुर्चीत बसवून उचलून न्या.