आठवड्यातून एकदा

कोस्टा रिकातल्या बचावकेंद्रात स्लॉथचं अनाथ पिल्लू आलं की आधी त्याला मिठी मारायला काहीतरी द्यावं लागतं. एरवी महिनोन्‌महिने आईच्या पोटाला बिलगून राहणारं ते पिल्लू कापडी खेळण्यात नख्या रुतवतं आणि तसंच लटकलेलं असताना त्याला सिरिंजने बकरीचं दूध थेंबथेंब पाजतात. वजन, ऊब, सफाई हे ओघाने आलंच. पण सांभाळणाऱ्यांना काळजी असते ती पोटाची. मोठा स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदा शी करतो, त्यासाठी झाडावरून जमिनीवर उतरतो आणि तेवढ्यात त्याचं वजन एक तृतीयांशापर्यंत घटू शकतं. आठवड्यातून एकदा! या प्राण्याच्या शुश्रूषेत घाई का चालत नाही, ते इथेच कळतं. पानांतून मिळणारी शक्ती जेमतेम, पचन अनेक दिवसांचं, शरीराचं तापमानही भोवतालच्या हवेबरोबर वरखाली होणारं. गारठ्यात पचन आणखी मंदावतं. अशा पोटात मायेपोटी चार घास जास्त ढकलणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. त्याचा संथपणा हा आळस नाही, ती काटकसर आहे. माणसाने आपला वेग तिच्याशी जुळवून घ्यायला हवा.

तपकिरी गळ्याचा तीनबोटी स्लॉथ तर संकटग्रस्त नाही, मग एकेका पिल्लामागे एवढे कष्ट का, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण यातली बरीच पिल्लं आपल्यामुळेच पोरकी झालेली असतात. झाडं तोडल्यावर फांदीला फांदी लागत नाही. मग आई उघड्या विजेच्या तारेला फांदीसारखी धरते. ती भाजून मरते, पोटाशी धरलेलं पिल्लू कधीकधी वाचतं. जमिनीवरून जावं, तर तिथे कुत्री आणि गाड्या. मागचे पाय दुबळे, त्यामुळे तिथे स्लॉथ अक्षरशः स्वतःला ओढत नेतो. ही शुश्रूषा म्हणजे उपकार नव्हे, परतफेड आहे, आणि तीही अपुरी. कुठल्या पानाला तोंड लावायचं हे पिल्लू आईच्या ओठांवरचे तुकडे चाटत शिकतं. ते शिकवणं माणसाला पुरतं जमत नाही. म्हणूनच झाडांमध्ये दोरांचे पूल बांधणारी स्लॉथ कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनसारखी संस्था मला उपचारांइतकीच मोलाची वाटते. पर्यटकांच्या पैशावर केंद्रं चालतात, हेही खरं. पण त्यासाठी स्लॉथला अनोळखी हातांत देऊन फोटो काढू देण्याची गरज नाही. फोटोत दिसणारं त्याचं हसू म्हणजे नुसती चेहऱ्याची ठेवण. भ्यालेला स्लॉथही तसाच दिसतो. 2021 मध्ये कोस्टा रिकाने स्लॉथला राष्ट्रीय प्रतीक केलं. आता त्या उघड्या तारांवर आवरण चढायला हवं.